ओल्या प्रायमरला हात लावू नये

१

फारुक पेंटरला जगात दोनच गोष्टींची चीड होती: दमट हवा आणि गिऱ्हाइकाचा हात.

दमट हवेपुढे कुणाचंच काही चालत नाही. पण गिऱ्हाइकाच्या हाताशी त्याचं उभ्या जन्माचं वैर होतं. जुन्या गाडीचा रंग औषध लावून खरवडावा, पॉलिशपेपर घासून घासून आतला पत्रा लख्ख उघडा करावा, की गिऱ्हाईक नेमकं त्याच दिवशी शेडवर टपकतं, पत्र्यावरून लाडानं हात फिरवतं आणि "वा!" म्हणून चहा पिऊन जातं. हाताचा घाम मात्र पत्र्यावर राहतो. त्या वेळी तो दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर तिथे गंजाची पाच बोटं आणि एक तळवा उमटलेला. वरून प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारला तरी गंज आत जागाच असतो, आणि कधीतरी चार पाहुण्यांत नाक कापायला रंगातून वर येतो.

म्हणून फारुकचा नियम ठरलेला. उघडा पत्रा म्हणजे नुकतं न्हाऊ घातलेलं तान्हं पोर. पुसायचं, वारं लागायच्या आत झाकायचं, आणि ऊठसूट कुणाच्या हातात द्यायचं नाही. सकाळी उघडा केलेला पत्रा दिवस मावळायच्या आत पहिल्या प्रायमरखाली गेलाच पाहिजे. शेडच्या भिंतीवर त्यानं लाल रंगात 'हात लावू नये' असं ठळक लिहून ठेवलं होतं. लोक तेसुद्धा अक्षरांवर बोट ठेवून वाचत.

शेड बारामती एमआयडीसीत, दुधाच्या कारखान्यामागच्या रस्त्याला होती. फारुक रंगाचं बघे आणि त्याचा भागीदार चिंतामण ठोकाठोकीचं. चिंतामण मोबाईलवर विज्ञानाचे व्हिडिओ बघायचा, त्यामुळे जगातल्या प्रत्येक बिघाडाचं कारण त्याला ठाऊक होतं, आणि ते कारण 'मॉइश्चर' हे होतं. कॉम्प्रेसर बंद पडला, मॉइश्चर. चहा नासला, मॉइश्चर. मेहुणा बोलेनासा झाला, तेव्हासुद्धा तो तेच म्हणाला होता.

अशा या दोघांकडे भवानीनगरचे बागायतदार विजयसिंह आपल्या आजोबांची विलायती मोटार घेऊन आले. मोटार कित्येक वर्षं उसाच्या रानातल्या पत्र्याच्या खोपीत उभी होती. त्यांच्या लेकीचं, पूर्वी तिचं नाव, लग्न ठरलं होतं आणि तिनं हट्ट धरला होता की देवदर्शनाला जाईन तर पणजोबांच्या हिरव्या मोटारीतूनच.

फारुकची बायको अस्मा हिला मात्र या मोटारीत वेगळीच संधी दिसली. फारुकचा खोकला वाढला होता. त्यानं स्प्रे गन खाली ठेवावी आणि इंदापूरच्या स्टँडजवळ पोरगा मोईन मोबाईलची कव्हरं विकतो तिथे गल्ल्यावर बसावं, असा तिनं कधीचा धोशा लावला होता. फारुकला त्या विचारानंच मरगळ यायची. उभा जन्म गाड्या रंगवल्या आणि आता काय गुलाबी सशाची कव्हरं विकायची? एका सकाळी तो तावातावानं बोलून गेला, "ह्या गाडीच्या रंगात खालनं एक जरी डाग वर आला, तर गन ठिवतो आन् मोईनच्या दुकानात बसतो. आल्ला शप्पथ!"

"बगा हां," अस्मा म्हणाली. "लग्नाला मी सोता येनार. चष्मा लावून बगनार."

२

सुरुवात झकास झाली. इंजिन मेकॅनिककडे गेलं, काचा निघाल्या, सीटा निघाल्या, आणि हिरव्या रंगाचे पापुद्रे जमिनीवर पडू लागले. मोटारीचा मागचा भाग, डिकीचा गोलसर फुगवटा, फारुकनं स्वतः घासला. तो उघडा झाला तेव्हा पत्रा इतका एकसंध निघाला की चिंतामणसुद्धा मॉइश्चर विसरला.

"काय माल हाय!" तो म्हणाला. "असला पत्रा आता बगायला मिळत न्हाय."

फारुकनं थिनरच्या फडक्यानं पुसून घेतलं, गन भरली आणि ऊन उतरायच्या आत राखाडी प्रायमरचा पहिला कोट मारला. शटर ओढून, कुलूप लावून दोघं घरी गेले.

सकाळी शटर वर केलं तेव्हा फारुक आधी कॉम्प्रेसरकडे गेला, मग चहाच्या किटलीकडे, आणि मग मोटारीकडे वळला. डिकीच्या मधोमध, राखाडी प्रायमरमधून, तांबूस रंगाचे दोन पंजे वर आले होते. एक डावा, एक उजवा. शेजारी शेजारी.

फारुकनं चहा खाली ठेवला.

"चिंतामण," तो शांतपणे म्हणाला. ज्या माणसाला ओरडायची सवय असते तो शांतपणे बोलला की समजावं प्रकरण गंभीर आहे. "कुणी हात लावला?"

"मी न्हाय लावला."

"मग काय मी लावला?"

"तुमी पुसलं तवा लागला आसंल."

फारुकनं आपले हात पुढे केले. चिंतामणनं आपले पुढे केले. दोघं भागीदार हस्तरेषा दाखवायला बसल्यासारखे मोटारीमागे उभे राहिले. फारुकची बोटं लांब आणि सडपातळ होती, चिंतामणचा पंजा भाकरीच्या आकाराचा होता. पत्र्यावरच्या पंजाची बोटं आखूड आणि जाड होती, आणि उजव्या हाताचा अंगठा एका बाजूला वाकडा होता.

"मॉइश्चर," चिंतामण म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

३

फारुक काही भित्रा माणूस नव्हता. त्यानं विचार केला, आणि विचारांती एक साधं कारण त्याला सापडलं. भवानीनगरहून मोटार आणताना हमालांनी ढकलली असणार, त्यांचे हात लागले असणार. ते हात जुन्या रंगावर लागले होते आणि तो रंग तर आता शेडच्या कोपऱ्यात पोत्यात भरून पडला होता, हा तपशील त्यानं मुद्दाम बाजूला ठेवला. माणसाला झोप हवी असेल तर असे काही तपशील बाजूला ठेवावे लागतात.

त्यानं डिकी पुन्हा पत्र्यापर्यंत घासली. या वेळी घरून अस्माचे भांडी घासायचे गुलाबी रबरी मोजे आणले आणि ते चढवून काम केलं. चिंतामणला पिवळे मिळाले. रस्त्यानं जाणारे कामगार मोटारसायकली हळू करून या दोघांकडे बघत आणि पुढे जाऊन हसत. फारुकनं तिकडे लक्ष दिलं नाही. पत्रा धुतला, पुसला, वाळवला, पुन्हा पुसला. नवा डबा फोडला. प्रायमर मारला.

सकाळी तेच पंजे तिथेच होते. आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन होते, हे मात्र वेगळ्याच माणसाचे, लांबट.

आणखी एक गोष्ट होती, जी पहिल्यांदा चिंतामणच्या ध्यानात आली. संध्याकाळी प्रायमर मारून झाल्यावर दोघांनी मोटार पुढून रेटून मागच्या भिंतीजवळ लावली होती. आता मधे माणूस जाईल एवढी फट होती. चाकापुढची वीट बाजूला सरकली होती.

"उतार आसंल फरशीला," फारुक म्हणाला.

चिंतामणनं मग पाण्याचा तांब्या आणून चाकाशी ओतला. पाणी क्षणभर विचार करत थांबलं आणि सुरसुरत मागच्या भिंतीकडे गेलं. उतार होता, पण उलटा. मोटार चढाला लागली होती.

दोघं त्या पाण्याकडे बघत राहिले. वर छताचा पत्रा उन्हानं तापून कडकड वाजत होता. एरवी तो आवाज त्यांच्या कानांवरही येत नसे.

"मॉइश्चर न्हाय हे," चिंतामण शेवटी म्हणाला, आणि फारुकला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

४

विजयसिंह काम बघायला आले तेव्हा सोबत गेणू तात्यांना घेऊन आले. तात्या म्हणजे त्या मोटारीचे जुने ड्रायव्हर. आता पार वाकले होते, ऐकायला कमी येत होतं, पण पूर्वीला मोटारीतून मीच नेणार म्हणून त्यांनी आत्तापासूनच टोपी धुवून ठेवली होती.

फारुकनं डिकीवर आधीच जुनी चादर टाकली होती. विजयसिंह चादरीकडे हात नेताच तो आडवा झाला. "नगा, विजयसिंहराव, वल्लं हाय."

"कवा बी यावं तर वल्लंच," विजयसिंह म्हणाले. "लग्न तोंडावर आलं, फारुकभाई. हुईल न्हवं? न्हायतर आत्ताच सांगा, पुण्याला एक जन हाय, गाडी उचलून नेतो म्हनतोय."

"हुईल. माजी जबाबदारी."

बोलून झाल्यावर त्याला घाम फुटला. पुण्याच्या माणसाचं नाव निघालं की आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीला फुटतो तसाच, पण या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे गुलाबी सशांची रांगच्या रांग उभी राहिली.

गेणू तात्या तेवढ्यात मोटारीभोवती फिरत होते. मागच्या बाजूला येऊन ते थांबले आणि हसले. तोंडात दात नव्हते, त्यामुळे हसणं थेट आतून आलं.

"ही गाडी पेट्रोलवर कवा चाललीच न्हाय," ते म्हणाले. "मान्सांवर चालली. मोठं मालक लई चिकट. ब्याटरी गेली ती गेली, परत घेतलीच न्हाय. मी स्टेरिंगवर बसून वरडायचो, 'लावा रं हात!' आन् रानातली, गुऱ्हाळावरची, समदी मानसं धावायची. उतारावर ढकलून इंजान धरायचं न्हाय, चढावर धरायचं, अशी उलट्या बुद्धीची गाडी."

"आता कुठं हायत ती मानसं?" चिंतामणनं विचारलं.

तात्यांना ऐकू गेलं नसावं. "हायत की," ते म्हणाले, आणि चहा मागितला.

५

चिंतामणनं त्याच संध्याकाळी विज्ञानाला रामराम ठोकला आणि कॉम्प्रेसरच्या पाइपाला लिंबू-मिरची बांधली. फारुकनं ती काढून टाकली. भूतबाधेविषयी त्याचं काही म्हणणं नव्हतं, पण लिंबाचा थेंब उघड्या पत्र्यावर पडला तर काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आरं लका, हितं माजी इज्जत जायची येळ आली, आन् तू आंबट पानी शिपडतुयास?"

"मग तुमी सांगा काय करायचं!"

काय करायचं ते फारुकलाही माहीत नव्हतं. डिकीवर आता पंजेच पंजे झाले होते. तो रोज घासायचा, रोज झाकायचा, आणि रोज ते नव्यानं यायचे, बाजारात जागा धरावी तसे एकमेकांना खेटून. पहिला तो वाकड्या अंगठ्याचा मात्र कायम मध्यावर असायचा.

फारुक एकटाच त्यांच्यासमोर उभा राहिला. रंगारी माणसाला डाग नुसता दिसत नाही, तो कसा पडला तेही दिसतं. तळव्याच्या मुळाशी गंज दाट होता, बोटांच्या टोकांना विरळ. बोटं वरच्या दिशेला होती. कुणी लाडानं हात फिरवला की असा ठसा पडत नाही. फारुकनं गुलाबी मोजे घातलेले हात हवेत, पत्र्यापासून बोटभर अंतरावर, त्या पंजांच्या समोर धरले. ते नीट जुळावेत म्हणून त्याला वाकावं लागलं. मग डोकं खाली घालावं लागलं. मग एक पाय आपोआप मागे गेला आणि टाच फरशीवर घट्ट रोवली गेली.

तो तसाच थांबला. त्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, कुणीतरी श्वास आत घेतला. एकानं नव्हे. बऱ्याच जणांनी, एकदम, ओझं उचलायच्या आधी घेतात तसा.

फारुक इतक्या वेगानं बाहेर आला की एक मोजा आतच राहिला. चिंतामण रस्त्यावर उभा राहून मेहुण्याला फोन करत होता. कित्येक महिन्यांचा अबोला त्या संध्याकाळी मिटला.

६

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यात दुपारपर्यंत वीज नाही. चिंतामणनं उपास धरल्याचं कळवलं. फारुकला मात्र थांबून चालणार नव्हतं. लग्न आठवड्यावर आलं होतं, बाकी सगळ्या मोटारीवर हिरवा रंग चढला होता आणि डिकी तेवढी राखाडी राहिली होती. आज प्रायमर बसला तर बसला. नाहीतर पुण्याच्या माणसाचा टेम्पो, आणि उद्यापासून मोईनच्या दुकानातलं स्टूल.

वीज आली तशी त्यानं गन भरली. शटर अर्धं खाली होतं, खालून उन्हाची पट्टी आत आली होती. आजूबाजूचे कारखाने गप्प होते. त्यानं डावीकडून सुरुवात केली, सरळ हातानं, एकसारख्या अंतरावरून, एका पट्टीवर दुसरी अर्धी चढवत. खोकला आला तो त्यानं आत दाबला. कितीही भीती असली तरी गन सुरू झाली की त्याचा हात थरथरत नसे. शेवटची पट्टी मारून त्यानं कॉम्प्रेसर बंद केला आणि मागे सरकून बघितलं. ओला प्रायमर आरशासारखा पसरला होता. कुठे केस नाही, कण नाही, ओघळ नाही. असा कोट त्याला या वर्षात जमला नव्हता. त्याचं त्यालाच भरून आलं.

तेवढ्यात त्या ओल्या राखाडीत, मधोमध, एक खळगा पडला.

आधी तळव्याच्या मुळाची जाड कड बसली. मग बोटं एकेक करून टेकली. अंगठा सगळ्यात शेवटी, वाकडा. समोर माणूस नव्हता. शेडमध्ये फारुकशिवाय कुणी नव्हतं. प्रायमर त्या बोटांच्या फटींतून वर आला आणि तिथेच थरथरत राहिला.

 शहाण्या माणसानं शटरखालून पळ काढला असता. पण फारुक आधी रंगारी होता आणि शहाणा त्यानंतर. आजवर जितक्या गिऱ्हाइकांनी जितक्या पत्र्यांना हात लावले होते त्या सगळ्यांचा राग एकदम त्याच्या टाळूला चढला.

"ए! हात काढ!" तो गरजला. "डोळं फुटलं का? वल्लं हाय! भिंतीवर एवढं लिवलंय ते वाचाय येत न्हाय? काम करनाऱ्या मान्साची काय किंमत हाय का न्हाय? वाळू तर द्या! वाळलं का मग लावा काय हात लावायचं ते!"

शेड गप्प झाली. वरचा पत्राही वाजायचा थांबला.

मग तो पंजा हळूच, रंग खराब होऊ नये अशा बेतानं, वर उचलला गेला. आधी अंगठा, मग बोटं. खळगा भरून आला. प्रायमर पुन्हा सपाट झाला. मोटारीमागे फरशीवरची वाळू किंचित चरचरली, जशी बऱ्याच लोकांनी एक एक पाऊल मागे घेतल्यावर चरचरेल.

फारुक मटकन रंगाच्या डब्यावर बसला.  भीती तर होतीच, पण तिच्या आत कुठेतरी एक चमत्कारिक समाधानही होतं, आणि ते त्याला नाकारता येईना. इतक्या वर्षांत त्याचं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं.

७

त्यानंतर एकही डाग आला नाही. प्रायमर वाळला, त्यावर पाणी टाकून पॉलिशपेपर घासून झाला, हिरवा रंग चढला, पॉलिश झालं. चिंतामण परत आला तेव्हा फारुक त्याला एवढंच म्हणाला, "मॉइश्चर व्हतं," आणि चिंतामणनं ते आनंदानं मान्य केलं.

लग्नाच्या सकाळी भवानीनगरात चांगलाच गारठा होता. उसावर धुकं होतं. मोटार मांडवासमोर उभी होती आणि येणारा जाणारा थांबून बघत होता. अस्मा नवी साडी नेसून आली, पिशवीतून चष्मा काढला आणि मोटारीभोवती सावकाश फिरू लागली. तिनं दारं बघितली, कोपरे बघितले, डिकीपाशी तर वाकून नाक लावलं. फारुक श्वास रोखून उभा होता.

"एकबी न्हाय," ती शेवटी म्हणाली. तिला वाईट वाटलं की अभिमान वाटला ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. दोन्ही असावं.

नवरी पूर्वी आत बसली. गेणू तात्या धुतलेल्या टोपीत स्टेअरिंगवर चढले. बँड सुरू झाला, मोटार डौलात निघाली आणि कालव्याच्या पुलाच्या चढावर जाऊन बंद पडली. नवीन बॅटरी होती, नवीन वायरी होत्या, तरी पडली. मोटारीचा स्वभाव जात नाही.

तात्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "लावा रं हात!"

मांडवातले लोक एकमेकांकडे बघू लागले. सगळ्यांच्या अंगावर पांढरेशुभ्र कपडे होते. प्रत्येकानं बाजूच्याला कोपरानं ढोसलं आणि स्वतः फेटा सावरला. बँडवाल्यांनी प्रसंग ओळखून आवाज वाढवला. फारुक मोटारीपासून दहा-बारा पावलं मागे होता. मोटारीच्या मागे कुणी नव्हतं, फक्त अस्मा कडेला उभी होती आणि हवेत बघून काहीतरी बोलत होती.

मग फारुकला दिसलं. गारठलेल्या हिरव्या डिकीवर, मधोमध, वाफेचे दोन पंजे उमटले. थंडीत काचेला गरम हात लावल्यावर उमटतात तसे. त्यांच्या बाजूला दोन. त्या दोघांच्या बाजूला आणखी. सगळी डिकी पंजांनी भरून गेली. चाकं करकरली, मोटार हलली आणि चढ चढू लागली. इंजिननं खोकून धूर सोडला आणि धरलं. वाफ विरली. खाली रंग जसाच्या तसा लख्ख होता, आणि डागाविना चमकत मोटार पुलापलीकडे गेली.

कुणी ढकलली ते कुणी विचारलं नाही. लग्नात काम कुणी केलं हे कुणी विचारत नसतं.

अस्मा पदर सावरत फारुककडे आली. तोंडभर हसत होती.

"जितलात तुमी. चालवा खुशाल गन. पर काय दरारा वो तुमचा! एवढी मानसं गाडीमागं उबी व्हती, तात्या वरडतुया, तरी येकबी हात लाविना. त्यातला येक म्हातारा मला म्हनतो, 'बाई, मिस्त्री रागावल्यात आमाला, वल्लं हाय म्हनले व्हते. आता वाळलं का?'"

फारुक दोन पावलं जवळ आला. "मग?"

"मग काय? मी म्हनलं, वाळलंय बाबा, लावा. तवा कुठं हात लावला बिचाऱ्यांनी." तिनं रिकाम्या रस्त्यावरून नजर फिरवली. "गेली वाटतं जेवायला. लई चांगली मानसं. कामं न्हाईत म्हनली आता कुनाला. तुमी न् चिंतामनभाऊ दोघंच गाड्या ढकलता, कंबर धरती तुमची. मी म्हनलं, या की शेडवर. सोमवारपासनं येत्यात."

पुलापलीकडे बँड वाजत होता. फारुकनं खिशातून मोबाईल काढला आणि मोईनचा नंबर लावला.

"मोईन," तो म्हणाला, "तुज्या दुकानात ते स्टूल हाय न्हवं, ते कुनाला देऊ नगंस."